तुळशीबाईची दुसरी जबानी

वाहिद सुटल्याची बातमी आली तेव्हा तुळशीबाई खळ्यावर बसून मक्याची कणसं सोलत होती. तिची पुतणी रिना लोणखेड्याच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीला घरी आली होती. तिच्या मोबाइलवर कुणीतरी ती बातमी पाठवली. रिनानं ती मनातल्या मनात वाचली, काकीकडे पाहिलं आणि सांगावं की नाही या विचारात तशीच उभी राहिली.

"काय झालं? कुणी मेलं का?" तुळशीबाईनं विचारलं.

"नाही काकी. वाहिद सुटला. हायकोर्टानं सोडला. काकाला त्यानं मारलं असं दिसतच नाही, असं कोर्ट म्हणतंय."

तुळशीबाईच्या हातातलं कणीस अर्धवट सोललेलं होतं. ते तिनं पुरतं सोललं, ढिगावर फेकलं आणि म्हणाली, "मग कुणी मारलं?"

"ते कोर्टानं सांगितलेलं नाही. पहिला तपास सगळा चुकीचा झाला, आता पहिल्यापासून नवा तपास करा, बाहेरच्या जिल्ह्यातला साहेब नेमा, असं लिहिलंय."

"आठ वर्षांनी?"

रिनानं मोबाइल खाली ठेवला.

"आठ वर्षांनी त्यांना कळलं?" तुळशीबाई उठली. मांडीवरची सालं झटकली. "पैसे चारले असतील कोर्टाला. मी उद्या खाली जाते. त्या वाहिदला मला बघायचंय."

उदेसिंग हा तुळशीबाईचा नवरा. तोरणमाळच्या पठाराखाली, घाटाच्या पोटात त्यांचा पाडा होता. पंधरावीस घरं, उतारावरची मक्याज्वारीची शेतं. दिवाळी सरली की निम्मा पाडा रिकामा व्हायचा. माणसं ऊसतोडीला खाली उतरायची ती होळीच्या तोंडावर परतायची. त्यांना नेणारा मुकादम भूपेश. शहाद्याकडचा माणूस, दाराशी दोन जीपगाड्या, अंगात पांढरे कपडे आणि तोंडात साखर. उदेसिंग त्याच्या टोळीत कधी गेला नाही. तो बकऱ्या पाळायचा, बाजारात विकायचा. पण पाड्यातली चार माणसं त्याचं ऐकत.

त्या वर्षी पाड्यातला एक तरणा मुलगा ऊसतोडीवरून परत आलाच नाही. भूपेशनं सांगितलं, साप चावला, तिकडंच अग्नी दिला. टोळीतल्या बायका मात्र दबक्या आवाजात बोलत होत्या की पोर उसाच्या ट्रॉलीखाली सापडलं आणि त्याला दवाखान्यातसुद्धा नेलं नाही. उदेसिंगनं त्या बायकांना एकत्र बसवलं. नंदुरबारला कलेक्टर कचेरीत जाऊन हे सांगायचं, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी उन्हं कलली होती तेव्हा पाड्याखालच्या रस्त्यावर भूपेशची जीप येऊन थांबली. "चल उदेसिंग, बसून बोलू," भूपेश म्हणाला. उदेसिंग गेला. तुळशीबाई दारातून बघत होती. भिकन नावाचा ड्रायव्हर गाडी चालवत होता, भूपेश त्याच्या शेजारी आणि उदेसिंग मागं.

दुसऱ्या दिवशी उदेसिंग घाटाखालच्या नाल्यात सापडला. डोकं फुटलेलं होतं.

हे सगळं तुळशीबाईनं पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रडत, ऊर बडवत सांगितलं होतं. पण सांगितलं ते पावरीत, पाड्याच्या बोलीत. दुसरी कुठली भाषा तेव्हा तिला धड येत नव्हती. बाजारापुरती चार शब्द अहिराणी, आणि मराठी तर नुसती कानावरून जायची. ठाण्याचा साहेब समोर बसून मान हलवत होता, शेजारी शिपाई लिहीत होता. दोघांपैकी एकालाही पावरी येत नव्हती. तरीही शिपायाचा हात थांबत नव्हता. एवढं काय लिहितोय हा, असं तिला तेव्हाही वाटलं होतं. नंतर अंगठा घेतला आणि तिला घरी पाठवलं.

चारपाच दिवसांनी साहेब स्वतः पाड्यावर आला. रिनाचा बाप थोडी मराठी समजायचा, तो मध्ये उभा राहिला. खुनी सापडला, असं साहेब म्हणाला. शहाद्याचा वाहिद, बकऱ्यांचा व्यापारी. त्या दिवशी बाजारात एका बोकडावरून त्याची आणि उदेसिंगची जुंपली होती, ती सगळ्यांनी पाहिली होती. त्यानं कबूल केलंय, कुऱ्हाड काढून दिलीय.

"आणि भूपेशची जीप?" तुळशीबाईनं दिराकरवी विचारलं.

"त्यानं उदेसिंगला वर रस्त्याला सोडलं आणि तो निघून गेला. त्यानंतर वाहिदनं गाठलं."

साहेबानं सांगितलं आणि तुळशीबाईनं मानलं. एवढी टोपीवाली माणसं तिच्या अंगणात उभी राहून खोटं कशाला बोलतील? वाहिद आणि उदेसिंग प्रत्येक बाजारी भांडायचे, भांडून झालं की एकाच विडीचे झुरके घ्यायचे, हे तिला ठाऊक होतं. पण माणूस कधी फिरेल सांगता येत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. कोर्टात वाहिदला जन्मठेप झाली त्या दिवशी बाहेर त्याची बायको अख्तरबानो भिंतीला टेकून रडत होती. तुळशीबाई तिच्या पायाशी थुंकली आणि घाट चढून घरी आली.

आता ती तोच घाट उतरत होती. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि तुळशीबाई वळणावळणाला मनातल्या मनात शिव्या जुळवत होती. रिना तिच्यासोबत निघाली होती, कारण काकी शहाद्यात काय करून बसेल याचा नेम नव्हता.

वाहिदचं घर सापडायला वेळ लागला नाही. गल्लीत विचारलं की लोक आधी बोट दाखवत आणि मग निरखून बघत. दार उघडं होतं. ओट्यावर अख्तरबानो तांदूळ निवडत बसली होती. तिनं तुळशीबाईला बघितलं मात्र, ताट बाजूला सारून ताडकन उठली.

"तू? आठे? आते काय लेवाले ऊनी?"

तुळशीबाईनंही आवाज चढवला. आठ वर्षं स्वतः बकऱ्या हाकत बाजार केल्यानं तिची अहिराणी आता पक्की झाली होती. "तुन्हा नवरा कोठे शे? त्याले बाहेर काढ. माले त्याले इचारनं शे."

"काय इचारशी? आठ वरीस तुरुंगात सडना तो. मन्हा पोरगा शाळा सोडीसन गॅरेजात लागना. मन्ही सासू त्याचं नाव लेतालेता गई. आनि हाई सगळं कोनामुळे? तुन्हामुळे! तूच त्याचं नाव लिधं!"

"मी? मी कधी लिधं?"

"कोर्टात! मी तठेच बठेल व्हती. मी मन्हा कानवरी ऐकं. वाहिदले कुऱ्हाड लिसन पयतांना देखं, आसं तूच सांगं!"

शेजारपाजारच्या बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. तुळशीबाईला काही उमगेना. कुऱ्हाड? पळताना? ती त्या संध्याकाळी घराबाहेरसुद्धा पडली नव्हती. तिनं रिनाकडे वळून पावरीत विचारलं, "ही काय म्हणते? मी असं कधी बोलले?"

"काकी, कोर्टात तुला काय विचारलं होतं?"

तुळशीबाई आठवू लागली. पिंजऱ्यासारख्या कठड्यात वाहिद उभा होता. काळ्या कोटातला माणूस बराच वेळ मराठीत बोलला. दुभाषी म्हणून जो उभा केला होता त्याला खालच्या अंगाची भिली थोडीफार यायची, पावरी येत नव्हती. त्यानं त्या लांबलचक बोलण्याचं तिला तीन शब्दांत सांगितलं, हा माणूस ओळखतेस? ती म्हणाली, ओळखते. का नाही ओळखणार? दर बाजारी भेटणारा माणूस. तिच्या घरी येऊन पाणी पिऊन गेलेला माणूस. तिनं जोरात मान हलवली. मग काळ्या कोटातला आणखी काही बोलला, दुभाष्यानं विचारलं, हाच ना? ती म्हणाली, हाच. वाहिदच होता, दुसरा कोण होता?

"मी वळखस आसं सांगं," ती अख्तरबानोला म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मी त्याले वळखस. देखं आसं मी सांगंच नही. पयतांना मी कोनलेच देखं नही."

अख्तरबानोचा हात कमरेवरच राहिला. ती तुळशीबाईच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडून जे निघालं ते अहिराणीत नव्हतं, घरच्या बोलीत होतं. "या अल्ला. इत्तेसे वास्ते?"

आतून वाहिद बाहेर आला. तुळशीबाईनं त्याला ओळखलंच नाही. बाजारात छाती काढून ओरडणारा, बोकडाचे दात बघताना शिट्टी घालणारा तो माणूस वाळून अर्धा झाला होता. पुढचे दात गेले होते. चौकटीला धरून तो उभा राहिला.

"भाभी, मी उदेसिंगना हातनं पानी पिधेल शे," तो म्हणाला. एवढंच बोलला आणि आत जाऊन बसला.

तुळशीबाई तिथून निघाली ती तडक ठाण्यावर गेली. रिना मागून "काकी, काकी" करत पळत होती. जुना साहेब तिथं नव्हताच. बढती घेऊन, नोकरी पुरी करून तो पेन्शनीत गेला होता. टेबलाशी बसलेल्या तरुण हवालदाराला तिनं अहिराणीत, पावरीत, मिळेल त्या भाषेत विचारलं की मी न बोललेलं तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं? हवालदार आधी हसला, मग वैतागला. "बाई, ती केस आता आमच्याकडं नाही. वरून आदेश आलाय. तुम्ही शांत घरी जा."

"शांत?" तुळशीबाईनं टेबलावर थाप मारली. तिथला चहाचा ग्लास आडवा झाला. "आठ वर्षं शांतच होते मी! माझ्या नवऱ्याचा खुनी आत आहे म्हणून शांत झोपत होते. तुम्ही मला झोपवलंत!"

रिनानं तिला ओढून बाहेर आणलं. पाड्यावर पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रिनाला वाटलं, राग उतरला असेल. पण तो उतरला नव्हता.

खरा राग तिला घरी आल्यावर आला, आणि तो ज्वारीवरून. उदेसिंगच्या दिवसांना पाड्याला जेवण घालायचं होतं आणि घरात दाणा नव्हता. तेव्हा भूपेशनं जीपमधून ज्वारीची पोती पाठवली होती. "उदेसिंग माझ्या भावासारखा होता," असा निरोपही दिला होता. तुळशीबाईनं त्याला हात जोडले होते. त्या पिठाच्या भाकरी तिनं स्वतः थापल्या, स्वतःच्या हातानं पाड्याला वाढल्या, शेवटी आपणही खाल्ल्या. आणि पुढच्याच हंगामात तिचा मुलगा खात्या मिसरूड फुटायच्या आत त्याच भूपेशच्या टोळीत ऊसतोडीला गेला. तेव्हापासून दरवर्षी जात होता. यंदाही चार दिवसांत निघणार होता.

खात्या संध्याकाळी शेतातून आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं. "तुझा बाप शेवटचा कुणाच्या गाडीत बसला?"

"भूपेशभाऊच्या."

"मग?"

"मग त्यांनी सोडलं ना त्याला वर."

"कुणी सांगितलं?"

"साहेबानं."

"साहेबाला कुणी सांगितलं?"

खात्या काही बुद्धीनं मंद नव्हता. त्याला सगळं लगेच कळलं आणि कळल्यावर त्याला आईचाच राग आला. "आता काय करायचं? त्याच्याशी वैर धरायचं? तो पंचायत समितीत आहे, पोलीस त्याच्या जीपमधून फिरतात. मी टोळी सोडली तर काय खायचं? बाप गेला तो गेला, आता मला पण नाल्यात टाकायचंय का?"

"मी आठ वर्षं त्याचं खाल्लं," तुळशीबाई म्हणाली. "आता नाही."

ती ओरडली नाही, त्यामुळे खात्या जास्त घाबरला. तो उठून बाहेर गेला. त्या वर्षी मात्र तो टोळीत गेला नाही. प्रकाशाकडच्या एका केळीच्या बागेत मजुरीला लागला. आईशी मात्र होळीपर्यंत धड बोलला नाही.

बातमी खालीही पोचली असणार. पंधरवड्यात भूपेशची जीप पुन्हा पाड्याखाली थांबली. आता ती नवी होती, खिडक्यांना काळ्या काचा. भूपेश एकटाच चढून वर आला. अंग सुटलं होतं, धाप लागली होती. तुळशीबाईनं बाज टाकली नाही. तो तसाच अंगणात उभा राहून बोलू लागला.

"मावशी, खात्या यंदा आला नाही. काही चुकलं का? मी त्याला यंदा टोळीचा प्रमुख करणार होतो. उदेसिंगचा पोरगा आहे, माझं काही कर्तव्य आहे का नाही?"

"त्याला तू कुठं सोडलं होतंस?" तुळशीबाईनं विचारलं.

"कुणाला?"

"उदेसिंगला."

भूपेशच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे फिरले. "मावशी, जुनं उकरून काय मिळतं? नवे साहेब येतील, चार प्रश्न विचारतील, जातील. आपल्याला इथंच राहायचंय."

"उतर," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या अंगणातून खाली उतर. नाहीतर आख्खा पाडा गोळा करीन आणि सगळ्यांच्या समोर तुला विचारीन, त्या ट्रॉलीखालच्या पोराबद्दलसुद्धा."

भूपेश गेला. जाताना त्यानं शेजारच्या घराकडे बघून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. संध्याकाळी पाड्यातली जुनी माणसं येऊन बसली. तुझं म्हणणं खोटं नाही, पण आपली पोरं त्याच्या टोळीत आहेत, त्यांचा विचार कर, असं म्हणाली. तुळशीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उदेसिंग तुमच्या पोरांसाठीच निघाला होता ना?" बसलेली माणसं एकेक करून उठून गेली. त्यातल्या दोघांनी पुढं चारपाच महिने तिच्या दारावरून जाणं टाळलं.

होळीच्या नंतर नवा तपास सुरू झाला. नाशिकहून आलेल्या अधिकारी बाईंचं नाव यामिनी. लोक त्यांना मॅडम म्हणत. सोबत दोन पोलीस, एक कॅमेरेवाला आणि दुभाषी म्हणून आणलेला एक मास्तर. तुळशीबाईच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या; रिना त्यासाठी कॉलेजातून आली होती. मॅडमनी कागद काढले आणि मास्तरला म्हणाल्या, "त्यांना सांगा, घाबरू नका. जे आठवतं ते सांगा."

मास्तरनं ते सांगायच्या आधीच तुळशीबाईनं रिनाकरवी विचारलं. "हा कोण?"

"दुभाषी आहेत. तुमचं बोलणं मला मराठीत सांगतील."

"नको. माझी पुतणी सांगेल. कॉलेजात शिकते. ती सांगेल आणि तुम्ही लिहाल. आणि लिहिलेलं सगळं ती मला पावरीत परत सांगेल. मग अंगठा."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "नात्यातल्या माणसाला दुभाषी करता येत नाही. उद्या कोर्टात समोरचा वकील यावरच बोट ठेवेल."

रिनानं हे काकीला सांगितलं. तुळशीबाई उसळली. "मागच्या वेळी सरकारी माणूस होता, तो चालला! माझं बोलणं गिळून दुसरंच ओकला, ते चाललं! आता माझ्या घरातली पोर नको?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या चिडल्या असाव्यात. दिवसभर डोंगर चढून आल्या होत्या. पण थोड्या वेळानं म्हणाल्या, "ठीक आहे. मास्तर मराठीत सांगतील. तुमची पुतणी शेजारी बसेल. मास्तर एक शब्द चुकले तर तिनं तिथल्या तिथं थांबवायचं. कॅमेरा सुरू राहील. चालेल?"

चाललं. रिनानं मास्तरला दोनदा थांबवलं. पहिल्यांदा मास्तरनं "बसला" ऐवजी "बसवला" म्हटलं म्हणून. दुसऱ्यांदा तुळशीबाईनं जुन्या साहेबाला दिलेली शिवी त्यांनी गाळली म्हणून. "ती पण लिहा," तुळशीबाई म्हणाली. मॅडमनी लिहिली.

मग तिनं त्यांना उठवलं आणि रस्त्यापर्यंत चालवत नेलं. जीप कुठं उभी होती, तोंड कुठल्या दिशेला होतं, ती कुठं उभी राहून बघत होती, हे सगळं दाखवलं. मॅडमनी सोबतच्या पोलिसाला विचारलं की पहिल्या तपासात ही जागा कुणी पाहिली होती का? पोलिसानं नकारार्थी मान हलवली. "आणि त्या ड्रायव्हरची जबानी?" ती कुणी घेतलीच नव्हती.

भिकनला शोधायला फार खटपट करावी लागली नाही. त्यानं भूपेशची नोकरी केव्हाच सोडली होती आणि प्रकाशाला, तापीच्या घाटावर, देवळाच्या वाटेवर नारळफुलांचं दुकान मांडून बसला होता. मॅडम समोर जाऊन उभ्या राहिल्या, उदेसिंगचं नाव घेतलं आणि त्यानं हातातला नारळ खाली ठेवला. मग जे सांगायला लागला ते थांबेचना. भूपेशनं गाडी घाटात थांबवायला लावली. कलेक्टर कचेरीत जाऊ नको म्हणून आधी गोड बोलला, मग धमकावलं. उदेसिंग ऐकेना, उतरून पायी निघाला. भूपेशनं सीटखालची चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली. पाठीमागून घातली. एकदा, मग पुन्हा. नंतर दोघांनी मिळून त्याला नाल्यात लोटलं. टॉमी पुढच्या दरीत फेकली. ती नंतर कधी सापडली नाही.

मॅजिस्ट्रेटसमोर जबानी द्यायला भिकनला शहाद्यात आणलं, त्याच दिवशी तुळशीबाईलाही बोलावलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर आली. भिकन हात जोडून उभा राहिला. तुळशीबाईनं त्याला नखशिखांत पाहिलं.

"आठ वरीस तू काय करी ऱ्हायंतास?"

"माले कोनी इचारंच नही, बाई," भिकन म्हणाला. "मी वाट देखी ऱ्हायंतू. पोलीस येतीन, इचारतीन, मी सांगी दिसू. पन कोनी उनंच नही. मग तो दुसराच धराई गया. मी गरीब मानूस..."

"मी श्रीमंत व्हती का? तो वाहिद श्रीमंत व्हता का?" तिनं एवढ्या मोठ्यानं विचारलं की आतून शिपाई बाहेर आला. "देवना दारम्हा नारय इकी ऱ्हायंता, आनि तोंड बंद!"

ती त्याच्या अंगावरच गेली असती. रिनानं दंड धरला. भिकन खाली मान घालून आत गेला आणि त्यानं जबानी दिली. तुळशीबाईनं त्याला माफ केलं नाही, अजूनही केलेलं नाही. त्याच्या सांगण्यावर केस उभी राहिली, हे तिला कळतं. पण त्याचं नाव निघालं की ती तोंड फिरवते.

भूपेशला अटक झाली. त्याच्या माणसांनी दोन दिवस शहाद्याच्या चौकात घोषणा दिल्या. मग जामीन नाकारला गेला आणि घोषणा थंडावल्या. ट्रॉलीखाली गेलेल्या मुलाच्या मृत्यूचाही गुन्हा वेगळा नोंदला गेला. त्या मुलाची म्हातारी आई तुळशीबाईच्या घरी आली, उंबऱ्यावर बसून पाणी प्याली आणि उठून गेली. खात्या प्रकाशाहून आला तेव्हा आईला म्हणाला, "मी पण जबानी देतो. जीप मी पण पाहिली होती." तो तेव्हा लहान होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुळशीबाईनं त्याला पोटाशी घेतलं नाही की काही नाही. ताट वाढलं, म्हणाली, जेव.

मॅडम दोषारोपपत्र दाखल करून परत निघाल्या तेव्हा भेटायला आल्या. "आता खटला चालेल. वेळ लागेल, पण पुरावा पक्का आहे. तुम्ही हिंमत दाखवलीत."

"आणि तो?" तुळशीबाईनं रिनाकरवी विचारलं.

"कोण तो?"

"पेन्शनवाला."

मॅडमनी उसासा टाकला. जुन्या साहेबाची खात्यांतर्गत चौकशी आहे, ती वेगळी असते, ती त्यांच्या हातात नाही, असं त्यांनी सांगितलं. कोर्टानं चौकशी करायला सांगितलंय हे खरं, पण माणूस सेवानिवृत्त झाल्यावर बऱ्याच अडचणी असतात.

"वाहिदला अडचण नव्हती?" तुळशीबाई म्हणाली. "त्याला उचलून नेला तेव्हा एक तरी अडचण आली का?"



अख्तरबानोनं निरोप पाठवला तो त्यानंतर. वाहिद पोलिसांच्या कुठल्याही कचेरीची पायरी चढायला तयार नव्हता. नुसती खाकी दिसली तरी तो घरात शिरून दार लावून घेई. पण तिला स्वतःला जायचं होतं, जुन्या साहेबावर गुन्हा नोंदवा म्हणून सांगायला. तुळशीबाई येईल का? तुळशीबाई रिनाला घेऊन गेली. या दोघी काही मैत्रिणी झाल्या नाहीत. नंदुरबारच्या बसमध्ये शेजारी बसून दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या. मध्येच अख्तरबानो म्हणाली, "तू मन्हा पायजोडे थुकनी व्हती." तुळशीबाई म्हणाली, "हा. थुकनी व्हती." एवढ्यावर तो विषय थांबला.

जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस साहेबांच्या कचेरीत बाहेरच्या बाकावर त्यांना बसवून ठेवलं. साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. मग पुन्हा मीटिंग लागली. आतबाहेर करणारा एक कारकून दर खेपेला अर्ज ठेवून जा म्हणायचा आणि अख्तरबानो दर खेपेला नाही म्हणायची. बाकावर येणारेजाणारे त्यांच्याकडे बघत होते, एक बुरख्यातली, एक पायांत चांदीचे जाड वाळे घातलेली डोंगरातली. कारकुनानं शेवटी वैतागून विचारलं, "तुमच्यातलं नक्की कोण फिर्यादी? मयताकडचे की आरोपीकडचे?"

"कोण आरोपी?" अख्तरबानो उसळून म्हणाली. "मन्हा नवराले आरोपी म्हनू नको. कोर्टानी सांगेल शे."

कारकून चपापला आणि आत निघून गेला.

चार वाजून गेल्यावर साहेब दारातून बाहेर पडले. मागं फाइल घेतलेला माणूस, खाली गाडीचं इंजिन सुरू. "उद्या या," ते चालता चालता म्हणाले.

तुळशीबाई उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली. बाजारची अहिराणी तिला येत होती, आणि एवढ्या दिवसांत थोडी मराठीही कळू लागली होती. पण ती त्यांच्याशी बोलली ते आपल्या पावरीत. पहिल्यापासून. जीप कुठं थांबली तिथून. आवाज चढत गेला, जिन्यावरची माणसं थांबली, खालून शिपाई वर आला. साहेबांनी एकदा घड्याळात पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"या काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

रिना पुढं झाली. "सांगते सर. पण मध्ये थांबवू नका. सगळं ऐकावं लागेल."